कुत्र्याची लस, घोड्याचं रक्तद्रव आणि जांघेतलं अवधाण

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

पावसाळ्यात येणारी पत्रं बहुतेक चावे, जखमा आणि ताप यांचीच असतात. या वेळच्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे : शरीर स्वतः लढतं ना, मग मध्ये हे इंजेक्शन कशाला? म्हणून काही उत्तरं सविस्तर दिली आहेत. डोस आणि वेळापत्रक प्रचलित पद्धतीप्रमाणे आहे. रुग्ण समोर पाहून तुमचे डॉक्टर त्यात बदल करू शकतात.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या पोटरीला गल्लीतला कुत्रा चावला. दोन दात खोल लागले, रक्त आलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी लस दिली. पण तिथले डॉक्टर म्हणाले, जखमेतही एक इंजेक्शन लागेल, ते जिल्हा रुग्णालयात मिळेल. लस दिली आहे तर हे दुसरं कशाला? जखमेत सुई म्हटली की पोर आकांत करते. शिवाय कुत्रा अजून हिंडतोय, ठणठणीत आहे.
— एक पालक, जुन्नर तालुका

उत्तर : हे वाचून होताच तिला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. ते इंजेक्शन पहिल्या लसीच्याच दिवशी द्यायचं असतं; राहून गेलं तर त्या दिवसापासून सात दिवसांच्या आत. कारण खाली देतो, पण आधी निघा.

लस म्हणजे मारलेला रेबीजचा विषाणू. तो टोचला की तिथल्या राखणदार पेशी त्याचे तुकडे गिळतात आणि लसिकावाहिन्यांतून, म्हणजे पेशींभोवतीचं पाणी (लसिका) नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, काखेतल्या गाठींपर्यंत वाहून नेतात. त्या गाठींत टी-पेशी आणि बी-पेशी नावाच्या लाखो पांढऱ्या पेशी असतात, प्रत्येकीची पकड निराळ्या आकाराची. रेबीजच्या तुकड्यावर नेमकी बसेल अशी पकड त्यांतल्या मोजक्याच पेशींकडे असते. त्या सापडायच्या, एकीच्या दोन, दोघींच्या चार व्हायच्या, मग त्यांतल्या काहींनी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करायला लागायचं. एवढं होऊन रक्तात पुरेशी प्रतिपिंडं दिसायला सात ते चौदा दिवस जातात. मुलगी अशक्त आहे म्हणून असं होत नाही. ज्या जंतूशी शरीराची पहिलीच गाठ आहे, त्याच्यासाठी धडधाकट माणसालाही साधारण एवढाच वेळ लागतो.

या दिवसांत विषाणू बसून राहत नाही. तो पोटरीच्या स्नायूत थोडा वाढतो आणि मज्जातंतूंची टोकं जिथे स्नायूला भिडतात तिथून आत शिरतो. रक्तातून तो जवळपास फिरतच नाही, त्यामुळे शरीराच्या पहाऱ्याला त्याचा सुगावा लागत नाही. एकदा मज्जातंतूत शिरला की तिथे प्रतिपिंडं पोचत नाहीत आणि तो मेंदूकडे सरकत राहतो. लक्षणं बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, कधी आठवड्याभरात, कधी वर्षानेही. पण एकदा पाण्याची भीती वाटू लागली, घसा आवळू लागला, की हातात काही उरत नाही. जवळजवळ प्रत्येक रुग्ण दगावतो.

जखमेत देतात ती लस नव्हे. ती आयती प्रतिपिंडं असतात. मुलीच्या गाठी आपली प्रतिपिंडं तयार करेपर्यंत ही उसनी प्रतिपिंडं जखमेतच विषाणूला धरून ठेवतात. ती तीन प्रकारची मिळतात. माणसाच्या रक्तापासून केलेली दर किलो वजनाला २० युनिट, घोड्याच्या रक्तापासून केलेली दर किलोला ४० युनिट. आणि २०१७ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं एकाच जातीच्या प्रतिपिंडाचं औषधही आहे, त्याचा डोस दर किलोला ३.३३ युनिट. मुलीचं वजन २० किलो धरलं तर हे अनुक्रमे ४००, ८०० आणि साधारण ६७ युनिट होतात. आकडे इतके वेगळे म्हणून एक औषध कमजोर आणि दुसरं जोरदार असा अर्थ काढू नका. प्रत्येकाची मात्रा स्वतंत्रपणे ठरलेली आहे.

औषध जाऊ द्यायचं ते प्रत्येक दाताच्या खुणेत, आत आणि भोवती. जखमा अनेक असतील आणि औषध पुरत नसेल तर सलाईनमध्ये पातळ करतात, पण एकही खूण कोरडी सोडायची नाही. जखम सोडून नुसतं कमरेत टोचलं तर विषाणू पोटरीत आणि प्रतिपिंडं भलतीकडे, अशी गत होते. मुलीला दुखेल, हे खरं. धरायला दोन माणसं बरोबर न्या. सात दिवसांनंतर हे देत नाहीत, कारण तोवर तिची स्वतःची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात आणि बाहेरून घातलेली त्यांच्या वाढीला अडथळा करतात.

लसीचं वेळापत्रक मोडू नका. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दर वेळी दोन जागी ०.१ मिली. स्नायूत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी एकेक पूर्ण डोस. पहिला डोस दिला तो दिवस शून्य. त्वचेत दिलेली लस नीट बसली की नाही हे तुम्हालाही दिसतं : सुई काढल्यावर मसुराच्या डाळीपेक्षा थोडा मोठा, फिकट फुगवटा राहतो आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात. फुगवटा उठलाच नाही तर लस खोल गेली. तेव्हाच सांगा, शेजारी पुन्हा देता येते. स्नायूतली लस दंडात देतात, लहान बाळाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही, कारण तिथल्या चरबीतून ती नीट शोषली जात नाही. एखादी तारीख चुकली तर दुसऱ्या दिवशी जा; पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

कुत्रा ठणठणीत दिसतो म्हणून थांबू नका. उपचार सुरू ठेवायचे आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल तर या दहा दिवसांत तो आजारी पडतो किंवा मरतो. दहा दिवसांनी तो धडधाकट असेल तर पुढचे डोस थांबवायचे की भविष्यासाठी पुरे करायचे, हे डॉक्टर ठरवतील. कुत्रा दिसेनासा झाला तर तो पिसाळलेला होता असंच धरायचं.

आणि ज्यांना आज-उद्या कुत्रा चावेल त्यांच्यासाठी : नळाखाली, साबण लावून, घड्याळ लावून १५ मिनिटं जखम धुवा. रेबीजच्या विषाणूला वरून चरबीचं वेष्टण असतं, साबणाने ते फुटतं. दोन मिनिटांत धुणं उरकलं जातं, तिथेच चूक होते. हळद, चुना, तिखट, रॉकेल काही लावू नका. त्याने जखम चरचरते आणि विषाणू आणखी आत ढकलला जातो. टाके शक्यतो घालायचे नाहीत, घालावेच लागले तर प्रतिपिंडं दिल्यानंतर.

प्रश्न : मला चार वर्षांपूर्वी रेबीजचा पूर्ण कोर्स झाला होता. आता मांजर चावलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून?
— शिक्षिका, परभणी

उत्तर : नाही. आधीच्या लसीची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी शिल्लक असतात, त्या या वेळी तीन-चार दिवसांतच कामाला लागतात. जखम धुणं तेच, लस मात्र फक्त ० आणि ३ ऱ्या दिवशी, आणि जखमेतली प्रतिपिंडं लागत नाहीत. जुना कागद जपून ठेवला असेल तर तोच दाखवा. कागद नाही, नक्की आठवतही नाही, अशा वेळी डॉक्टर पूर्ण कोर्स देतात आणि ते बरोबरच आहे.

प्रश्न : भातलावणीत पायाच्या अंगठ्याला काटा लागला. तिसऱ्या दिवशी जांघेत अवधाण आलं, सुपारीएवढी गाठ, हात लावला की ठणकते. पायात काही नाही आणि गाठ जांघेत, हे कसं? शेजारी म्हणतात चोळून बसवून टाक.
— शेतकरी वाचक, भोर

उत्तर : चोळू नका. अवधाण म्हणजे पायाचं पाणी गाळणारी गाठ. अंगठ्यातून निघालेली लसिका वर जाताना जांघेतल्या गाठींतून गाळून जाते. काट्याबरोबर गेलेले जिवाणू तिथे अडवले जातात आणि वर सांगितल्याप्रमाणे त्यांच्यावर चालून जाणाऱ्या पेशी तिथेच वाढतात. गाठ सुजली म्हणजे तिचं काम चालू आहे. हाताच्या जखमेचं अवधाण काखेत येतं ते याच कारणाने.

लक्ष अंगठ्याकडे द्या. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर तो काढल्याशिवाय गाठ बसणार नाही. पू झाला असेल तर निचरा हवा. पू म्हणजे काही घाण रक्त नव्हे. जिवाणू गिळून मेलेल्या पांढऱ्या पेशी, त्यांनी मारलेले जिवाणू आणि विरघळलेला मांसाचा भाग मिळून पू होतो. या पेशी, न्यूट्रोफिल, रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात, म्हणून अस्थिमज्जा दिवसाला दहा हजार कोटींच्या घरात नव्या तयार करत असते.

अंगठ्यापासून वर चढत जाणारी तांबडी रेघ दिसली, थंडी वाजून ताप आला, किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. नाहीतर जखम भरली की दोन आठवड्यांत गाठ ओसरते. जी गाठ दुखत नाही, कडक आहे, हलत नाही, दोन आठवड्यांनीही वाढतेच आहे, ती अवधाण समजून सोडून देऊ नका. मानेतली अशी गाठ आपल्याकडे पुष्कळदा क्षयाची निघते. बारीक सुईने तिच्यातल्या पेशी काढून तपासल्या की निदान होतं.

प्रश्न : वडिलांना फुरसं चावलं. सरकारी दवाखान्यात सापाची लस दिली, तेव्हाच अंगावर गांधी उठल्या, इंजेक्शन देऊन त्या बसवल्या. घरी आल्यावर नवव्या दिवशी ताप, सांधे धरले, पुन्हा गांधी. त्यांना हे औषध बाधतं असं समजायचं का? पुन्हा कधी साप चावला तर नको म्हणायचं का?
— वाचक, देवगड

उत्तर : नको म्हणू नका. पुन्हा चावला तरी तेच औषध, फक्त अधिक सावधपणे.

सगळे त्याला सापाची लस म्हणतात, पण ती लस नाही. ती घोड्याची प्रतिपिंडं आहेत. निरोगी घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचतात, काही आठवडे ती वाढवत नेतात. घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर झाली की ठरावीक रक्त काढून त्यातला द्रवभाग वेगळा करतात, शुद्ध करतात आणि वाळवून बाटलीत भरतात. आयतं रक्तद्रव देऊन रोग थोपवता येतो हे १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी धनुर्वात आणि घटसर्पावर दाखवलं. तीच युक्ती पुढे सापाच्या विषावर वापरली गेली. महाराष्ट्रात परळच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. भारतातलं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालतं. कोकणातल्या हिरव्या चापड्याच्या विषावर चालत नाही, म्हणून साप पाहिला असेल तर त्याचं वर्णन डॉक्टरांना सांगा. मारून आणायला मात्र जाऊ नका.

वडिलांच्या शरीरासाठी घोड्याची प्रथिनं परकीच. म्हणून दोन वेळा त्रास झाला, आणि दोन्हींची कारणं वेगळी. पहिला त्रास औषध सुरू होताच, काही मिनिटांत ते दोन-तीन तासांत होतो : खाज, गांधी, उलटी, कधी धाप आणि रक्तदाब कोसळणं. त्यावर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, लगेच द्यावं लागतं. म्हणूनच हे औषध ॲड्रेनलिन भरून शेजारी ठेवल्याशिवाय सुरू करत नाहीत. दुसरा त्रास आठवड्या-दीड आठवड्याने येतो. तेवढ्या दिवसांत वडिलांच्या गाठींनी घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. ती आणि उरलेली घोड्याची प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे सांध्यांत, त्वचेत, कधी मूत्रपिंडात अडकले, त्यातून ताप आणि सांधेदुखी. याला सीरम सिकनेस म्हणतात. ॲलर्जीची गोळी आणि गरज पडल्यास पाच-सात दिवस स्टेरॉइड घेतलं की बहुतेकांना बरं वाटतं. लघवी कमी झाली किंवा तांबडी दिसली तर लगेच दाखवा.

हे सगळं घडूनही औषध का द्यायचं, तर फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. दवाखान्यात एक साधी परीक्षा करतात : २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालून २० मिनिटं अजिबात न हलवता उभं ठेवायचं, मग नळी एकदाच तिरकी करायची. नीट गोठलेलं रक्त तळाशी थबकून राहतं. विष भिनलेलं रक्त पाण्यासारखं काठाला येतं. नळी आधी साबणाने धुतलेली असली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निदान फसतं. प्लॅस्टिकच्या नळीनेही फसतं. काठाला आलेलं ते रक्त पुन्हा गोठायला लावायची ताकद फक्त घोड्याच्या प्रतिपिंडांत आहे. पहिला डोस बहुधा ८ ते १० बाटल्यांचा असतो, आणि तो लहान मुलालाही तेवढाच, कारण सापाने सोडलेलं विष माणसाचं वजन पाहून कमी होत नाही.

पुढच्या वेळी दवाखान्यात पाऊल ठेवताच सांगा : आधी घोड्याचं औषध दिलं होतं, त्रास झाला होता. हे वाक्य वडिलांच्या आधार कार्डाच्या पाकिटात लिहून ठेवा.

प्रश्न : ताप अंगात मुरू द्यावा असं सासूबाई म्हणतात, तापाने जंतू मरतात म्हणे. औषध दिलं तर पोराची प्रतिकारशक्ती कमी होते का? मुलगा दीड वर्षाचा, वजन १० किलो.
— एक आई, डोंबिवली

उत्तर : सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. ताप जंतू आणत नाही, शरीर तो मुद्दाम चढवतं. पांढऱ्या पेशींनी सोडलेली रसायनं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला तापमानाचा काटा वर करायला लावतात. काटा वर गेला आणि अंग अजून खाली, म्हणून हुडहुडी भरते; स्नायू थरथरून उष्णता करतात. काटा खाली आला की घाम. वाढलेल्या तापमानात बरेच विषाणू सावकाश वाढतात आणि पांढऱ्या पेशी चपळ होतात. पण याला इंधन लागतं : दर एक अंश सेल्सिअसला शरीराचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, पाणीही जातं. मुलगा खेळतोय, पितोय, तर १०१ तापाला औषधाची घाई नको. मलूल आहे, पाणी घेत नाही, झोपत नाही, तर द्या. पॅरासिटॅमॉलने प्रतिकारशक्ती कमी होत नाही. मुलाला बरं वाटतं, तो पितो, आणि ते त्याच्या फायद्याचं असतं.

मात्रा नीट मोजा, सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. दर किलोला १५ मिलिग्रॅम म्हणजे तुमच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप ६ मिली. ५ मिलीत २५० असलेलं ३ मिली. आणि थेंबांची बाटली, १ मिलीत १०० मिलिग्रॅमची, फक्त १.५ मिली. सिरपचा हिशोब थेंबांच्या बाटलीला लावला तर मात्रा दोन ते चार पट होते आणि यकृतावर बेतते. दोन डोसांत किमान चार तासांचं, शक्यतो सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त डोस नाहीत. चमच्याने मोजू नका, बाटलीबरोबर आलेली मापाची टोपी किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

गोधडीत गुंडाळू नका, बर्फाचं पाणीही लावू नका. बर्फाने कातडी गार पडते, मेंदूतला काटा तसाच राहतो आणि पोर आणखी कुडकुडतं. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप दिसला तर मात्र घरी काहीच करत बसू नका, तसंच उचलून दवाखान्यात न्या. त्या वयात संरक्षणाची भिस्त आईकडून आलेल्या प्रतिपिंडांवर असते आणि जंतुसंसर्ग काही तासांत पसरू शकतो. झटके, मान ताठ, आठ तासांत लघवी नाही, दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके, हे कोणत्याही वयात तातडीचं.

प्रश्न : एकदा डेंग्यू होऊन गेला की पुन्हा होत नाही ना?
— वाचक, नागपूर

उत्तर : होतो, आणि दुसरा अनेकदा अधिक वाईट असतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. पहिल्या आजाराने त्या एका प्रकारापासून टिकाऊ संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून काही महिनेच. नंतर वेगळ्या प्रकाराचा विषाणू आला की जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात खरी, पण निकामी करू शकत नाहीत. प्रतिपिंड चिकटलेली वस्तू गिळायची हा पांढऱ्या पेशींचा नेम. त्या गिळतात, आणि विषाणू त्यांच्या आत मजेत वाढतो. प्रतिपिंडं असूनही नुकसान होतं, अशी ही मोजक्या आजारांतली एक गोष्ट.

ताप उतरतो ते २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे, कारण तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं. ताप गेला म्हणून कामावर जाऊ नका. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी किंवा अस्वस्थपणा दिसला तर दाखल व्हा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका. आणि नुसत्या प्लेटलेटच्या आकड्याकडे पाहत बसू नका; रक्त दाट होतंय का, हे डॉक्टर हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावरून, बघतात आणि सलाईन त्यावर ठरतं. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट बहुधा दहा हजारांखाली गेल्यावरच चढवतात.

प्रश्न : आमच्या लहानपणी सगळ्यांना गोवर यायचा, लिंबाचा पाला ठेवला की जायचा. येऊन गेलेला गोवर लसीपेक्षा पक्का नाही का?
— आजोबा, कराड

उत्तर : गोवरापुरतं बोलायचं तर पक्का, आयुष्यभराचा. पण त्याची किंमत मोठी आहे. गोवराचा विषाणू नेमका स्मृतिपेशींवर घाला घालतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं गोवराच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की आजारानंतर मुलांची इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. म्हणजे पोरगं आधी ज्या न्यूमोनियाशी, जुलाबाशी लढायला शिकलं होतं, ते विसरतं. जुन्या काळी गोवर गेल्यावर मुलं महिनोन्‌महिने खंगायची, छातीने, पोटाने आजारी पडायची, ती आठवण तुमच्या पिढीला असेलच. लसीतला विषाणू कमजोर केलेला असतो. तो गोवराची ओळख करून देतो आणि बाकीची स्मृती पुसत नाही.

नातवंडांना गोवर-रुबेलाची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत. याआधी दिली तर आईची प्रतिपिंडं बाळाच्या अंगात असतात, ती लशीतल्या विषाणूलाच मारून टाकतात. गोवर झालाच तर लिंबाचा पाला असू द्या, पण जीवनसत्त्व अ दोन दिवस लागोपाठ द्यायला हवं : ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला १ लाख युनिट, वर्षावरच्याला २ लाख. डोळे आणि जीव दोन्ही त्याने वाचतात. ते डॉक्टरांकडूनच घ्या.

प्रश्न : इम्युनिटी वाढवायला रोज गुळवेलीचा काढा आणि व्हिटॅमिन डी घेते. चालेल ना?
— गृहिणी, ठाणे

उत्तर : काढा थांबवा, आणि यकृताची तपासणी एकदा करून घ्या. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली. ती सूज शरीराने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखी होती. प्रतिकारशक्ती हा काही नुसता वाढवत न्यायचा आकडा नव्हे. थायरॉइडचा हाशिमोटो आजार, सांध्यांचा आमवात, दमा, गांधी, या सगळ्यांत तीच शक्ती नको तिथे चालते. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते, तीही ठरावीक आठवडे. ती रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम वाढलेले आणि मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण येतात.

साखर वाढलेली असेल तर न्यूट्रोफिल जखमेपर्यंत सावकाश पोचतात आणि जंतू नीट मारत नाहीत. ती ताब्यात आणली तर कोणत्याही काढ्यापेक्षा जास्त फायदा. प्रतिपिंडं प्रथिनांचीच असतात, म्हणून रोजच्या जेवणात डाळ, उसळ, दूध, अंडं यांतलं काहीतरी दोन्ही वेळा हवं. राहिलेल्या लसी पुऱ्या करा.

प्रश्न : काकांना धनुर्वात झाला होता, महिनाभर दवाखान्यात होते, वाचले. आता पुन्हा लस घ्या म्हणतात. रोग होऊन गेल्यावर लस कशाला? आणि मला दर खरचटण्याला टीटी मिळते, ती घेत राहू का?
— वाचक, बार्शी

उत्तर : काकांनी घ्यायलाच हवी. धनुर्वाताच्या जिवाणूचं विष इतकं जहाल असतं, की माणूस मरणाच्या दारात नेण्याइतकी मात्राही त्याच्या लसिकागाठींना दखल घ्यायला पुरत नाही. त्यामुळे आजार होऊन गेला तरी स्मृती तयार होत नाही आणि तो पुन्हा होऊ शकतो. लसीत तेच विष निर्विष करून भरपूर मात्रेत दिलेलं असतं.

तुमचं उलट आहे. आता टीटीऐवजी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची लस, देतात. लहानपणापासूनचे डोस पुरे असतील तर स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसानंतर दहा वर्षं, माती-शेणाच्या किंवा खोल जखमेला पाच वर्षं उलटली असतील तरच टीडी लागते. दर वर्षी टोचून घेतली तर आधीच भरपूर असलेली प्रतिपिंडं लसीलाच चिकटतात आणि दंड कोपरापर्यंत सुजतो. काकांचं किंवा कुणाचंही लसीकरण झालेलं नसेल, माहीत नसेल, आणि जखम शेतातली असेल, तर टीडीबरोबर दुसऱ्या हाताला २५० युनिट तयार प्रतिपिंडंही लागतात. शेवटच्या टीडीची तारीख घरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, नवं कॅलेंडर आलं की त्यावर उतरवा.